व्हिडिओचे तीन वाटे

आयकर खात्याचा मेसेज आला तेव्हा संचिता तांबोशी साफ करत होती. खवले चिकटलेल्या हातानेच तिने फोन उघडला. तुम्ही दाखवलेलं उत्पन्न आणि आमच्याकडची माहिती जुळत नाही, एवढंच तिला समजलं. बाकी सगळं इंग्रजी. सुरी तिथेच राहिली, आणि त्या दिवसापासून तिचा जीव जाळ्यातल्या पेडव्यासारखा तडफडू लागला.

देवबागच्या किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढून झालं की मासळीचे वाटे पडतात. ज्याने दोरीला हात लावला, त्याला वाटा. संचिताने आपल्या रांधपाच्या व्हिडिओंचंही तसंच केलं होतं. मासळी धोंडूमामाची, पाट्यावर मसाला वाटत ओव्या म्हणणारी शेजारची नर्मदाकाकी, आणि बोलायला, फोन धरायला ती स्वतः. २०२२-२३ या वर्षात जाहिरातींचे नऊ लाख तिच्या खात्यात आले. दर शनिवारी तिने रोख वाटे घातले, आणि विवरणपत्र भरताना आपल्या वाट्याचे तीनच लाख दाखवले. लपवलं काहीच नव्हतं. दुसऱ्याचा वाटा आपला कसा म्हणायचा?

सावंतवाडीच्या चंदन नावाच्या करसल्लागाराने कपाळाला हात लावला. "कंपन्यांनी पूर्ण नऊ लाख कळवलेत, तुमच्याच नावावर. बाकीच्यांना दिलेला मोबदला खर्च म्हणून दाखवू, पण त्यांच्या सह्या हव्यात, पॅन हवा. नाहीतर सगळं तुमचंच धरतील. वर व्याज, कदाचित दंडही."

"आयकरवाले घरावर येतील का हो?"

"आधी सह्या आणा."

धोंडूमामाने लगेच सही ठोकली. "वाटो घेतलंय तर लपवू कशाक?"

नर्मदाकाकी पाट्याशी बसली होती.

मिरची वाटिता माझे हात झाले लाल,
दर्यादेवा, तुझी लाट अंगणी नको घाल.

संचिताने सगळं सांगून कागद पुढे केला तशी ओवी थांबली.

"माजा नाव घालतलंस?"

"तुजो पॅन नंबर व्हयो, काकी."

"तो दीपेशाच्या फोनाक जोडलेलो आसा." काकीने आवाज खाली आणला, मुंबईतला तिचा तो मुलगा मागल्या दारी उभा असल्यासारखा. "गेल्या खेपेक माज्या पाटल्यो इकल्यान. ह्या पैशांचा त्याका म्हायत नाय. हौसेन मसालो वाटतंय, असा सांगलंय. कळला तर..."

तिने पदराखाली रितं मनगट झाकलं. मग तिनेच दुसरा हात पुढे केला. "तुज्या घरार येतले तर घे सही. पेन खंय आसा?"

पेन संचिताच्या मुठीत होतं. आपणच या म्हातारीच्या उंबऱ्यावर दीपेशला आणून उभं करतोय, असं संचिताला वाटलं. तिने कागद घडी करून ओट्यावर ठेवला आणि चंदनला फोन लावला.

"एकच सही मिळाली. दुसरा वाटा माझ्यातच धरा."

"मग त्यावरचा कर तुम्ही भरायचा. व्याजासकट."

"धरा."

"नक्की?"

"किती होईल?"

"उद्या आकडा सांगतो."

काकी तिच्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणालो गो तो?"

"काय नाय. तू मिरच्यो घे."

संचिताने फोन रेकॉर्डिंगला लावून समोर धरला. चौकटीत काकीचं रितं मनगट आलं. संचिताने फोन थोडा वर केला, नुसतं तोंड दिसेल इतका.