गोधडीखालचं घड्याळ

सन दोन हजार आठ, पौषाची थंडी. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान प्रयोगशाळेतून, पोलादी भांड्यात अधांतरी ठेवलेला मी कॅल्शियमचा एक आयन बोलतोय. शाळा मी पाहिलेली नाही. पण माझ्याइतका नेमका ठोका धरणारा या तालुक्यात दुसरा नाही.

मी घोडनदीकाठच्या चुनखडीच्याच जातीचा. तापवून माझी वाफ केली, प्रकाशाचा मारा करून एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतला. तेव्हापासून विजेच्या पिंजऱ्यात आहे. दिवसभर लेसर टोचतात आणि माझं उत्तर मोजतात. याचंच घड्याळ करणार म्हणे.

भांडं गरम झालं की त्याची धग मला लागते आणि ठोका किंचित ढळतो. किती अंशाला किती, हे मोजायचं काम शिरूरच्या सुफियाचं. हीटर लावला की त्याच्या विजेनंच मी बिथरायचो, त्यामुळे काम अडलेलं. पहिल्याच महिन्यात तिच्या हातून पिंजऱ्याची दांडी वाकली होती. फिटर सर्जेरावांनी सुट्टी मोडून लेथवर नवी काढून दिली, कोणाला बोलले नाहीत.

"मामा, हे मी फेडीन," ती म्हणाली.

"फेडशील तवा बघू."

पौषात सकाळचा आकडा रोज चुकू लागला. दुपारी पुन्हा जागेवर. भिंतीवरचा तापमापक मात्र सारखाच. प्रयोगशाळेचे प्रमुख सत्यजीत सरांनी वही आपटली. आकडे घरी बसून भरतेस का, असं सगळ्यांदेखत विचारलं. शनिवारपर्यंत कारण दे, नाहीतर येऊ नकोस म्हणाले.

कारण मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

संध्याकाळी सगळे बसकडे धावले की सर्जेराव माझ्या भांड्यावर गोधडी टाकत. इनामगावात थंडीत बैलांवर झूल टाकायची, तीच सवय. सकाळी कोणी यायच्या आत घडी करून कपाटात. पिंजऱ्याच्या विजेची ऊब आतच कोंडायची आणि मी उकडून निघे. घड्याळाला कोणी पांघरूण घालतं?

शुक्रवारी सुफिया लवकर आली. गोधडी सर्जेरावांच्या हातातच होती.

"मामा, हे काय?"

"आत तुमचा त्यो एकटाच हाय न्हवं? थंडी लई हाय."

तिनं भांड्याला हात लावला, ते चांगलंच कोमट होतं. सर्जेरावांच्या ध्यानात आलं. सरांना मीच सांगतो, नोकरी गेली तर गेली, म्हणाले.

"गप बसा. अजून एक गोधडी आणा."

तिनं सरांना कारण सांगितलं आणि आठ दिवस मागून घेतले. भांड्यालाच तापमापक चिकटवला. मग लेसरपुरती फट ठेवून एक दिवस एक गोधडी, एक दिवस दोन, एक दिवस उघडा. माझे हाल कोणी विचारले नाहीत. पण गोधडीला वीज नसते. आकडे एका रेषेत आले.

अहवाल सरांच्या सहीला गेला, तेव्हा वर दोन नावं होती. फिटरचं नाव कशाला, सरांनी विचारलं. पद्धत त्यांची आहे, ती म्हणाली. सरांनी सही केली.

इंग्रजीतला तो कागद तिनं लेथवर नेला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सर्जेरावांनी हात पुसले, आपलं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं.

"दांडी फिटली," ते म्हणाले आणि लेथ सुरू केला.