शिवणखोलीतली विहीर

बेटावरचं पाणी बिघडलंय हे सगळ्यात आधी पावावरून कळलं. धक्क्याजवळच्या बेकरीचा पाव जरा खारट लागायला लागला, तसं बेकरीवाल्या ताईंनी पिठात मीठ घालणं कमी केलं. मग पाव आणखी खारट झाला, तेव्हा मीठ अजिबातच बंद केलं. "तेवढाच मिठाचा खर्च वाचला," असं त्या गिऱ्हाइकांना हसून सांगायच्या. पण मिठाचा कणही न घालता पाव खारट लागायला लागला, तेव्हा त्यांचंही हसू मावळलं.

ही हकीकत बेटभर तिखटमीठ लावून सांगायचं काम त्यांच्या भावजयीने अंगावर घेतलं होतं. भावजय म्हणजे बेटावरची एकुलती एक शिंपीण. हातातल्या कात्रीपेक्षा तोंडातली जास्त चालायची म्हणून सगळे तिला कात्रीवहिनी म्हणत. तोंडावर नुसतं वहिनी.

नणंद-भावजय एकमेकींना कधी वेडंवाकडं बोलल्या नव्हत्या. वहिनी नणंदेला 'वन्सं' म्हणायच्या, अहोजाहो करायच्या, आणि जितका राग जास्त तितकं ते 'अहो' लांब व्हायचं. पण मनातून दोघी एकमेकींना पाण्यात पाहायच्या, आणि त्याचं कारणही पाणीच होतं. वहिनींच्या घरात मागच्या खोलीत एक जुनी विहीर होती. बेटावर पंप आले, घरोघरी नळ आले, तशी त्या विहिरीवर वहिनींनी जाड फळ्या टाकल्या, फळ्यांवर कापड बेतायचं भलंमोठं टेबल ठेवलं आणि त्या खोलीची शिवणखोली केली. ताईंचं ते माहेर. त्यांना न विचारता त्यांच्या माहेरच्या विहिरीवर टेबल आलं, हे त्यांच्या मनाला लागलं. त्या बोलल्या काहीच नाहीत. फक्त माहेरी येणं कमी केलं, आणि आल्याच तर जाताना पाणी मागायच्या नाहीत. वहिनींना ते बरोबर समजायचं आणि बरोबर झोंबायचं.

पाण्याची ओरड वाढली, तेव्हा शाळेच्या मोठ्या वर्गात सभा भरली. मुलांच्या बुटक्या बाकांवर थोराड माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसली. पाणी समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना कुठल्याही गोष्टीचा ठराव करायची भारी हौस. त्यांनी शाळेच्या मास्तरांना बोलायला उभं केलं.

मास्तरांनी सोपं करून सांगितलं. "आपल्या बेटाखाली गोडं पाणी आहे ते पावसाचंच. वाळूतून झिरपतं आणि खालच्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय असते ना, तसं. हलक्या हाताने काढलं तर साय निघते. आपण पंप लावून खसाखस ओढतोय. मग साय फाटते आणि खालचं खारं वर येतं."

"मग करायचं काय?" कोणीतरी विचारलं.

"पंप बंद. एकाच ठिकाणाहून भरमसाट न ओढता ठिकठिकाणच्या विहिरींतून थोडं थोडं, हाताने काढायचं. पुढचा पाऊस मुरेपर्यंत."

झालं. सभेला एकदम कंठ फुटला. पाहुण्यांना खोल्या देणारे म्हणाले, दोष बागवाल्यांचा. बागवाले म्हणाले, बर्फाच्या कारखान्याचा. बर्फवाला म्हणाला, मासेमारांना बर्फ नको असेल तर तसं सांगा. मासेमार म्हणाले, आम्ही तर अंघोळच समुद्रात करतो. त्यावर बायकांच्या बाकांवरून "ते कळतं हो आम्हाला!" असा आवाज आला आणि बराच वेळ कामकाज थांबलं.

एवढ्या गोंधळात वहिनी मात्र शांत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर बेकरीच्या परसातली विहीर होती, आणि तिच्यावरचा तो धडधडणारा मोठा पंप. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला.

"मी म्हणते, नुसते पंप बंद करून भागायचं नाही. ज्याच्या ज्याच्या घरात, परसात विहीर आहे, त्याने दार उघडावं. माझी-तुझी करायचं नाही. पाणी काय कुणी माहेरून आणलंय? मग ते कितीही मोठं दुकान असो की—" इथे त्या थांबल्या आणि नजर बेकरीवाल्यांच्या बाकाकडे नेली, "—की आणखी काही असो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनींना सभेत एवढ्या टाळ्या आयुष्यात पहिल्यांदाच मिळाल्या होत्या. त्या ओसरल्यावर ताई जागेवरूनच गोड आवाजात म्हणाल्या, "अगदी बरोबर बोललीस, वहिनी. माझी विहीर उद्यापासून उघडी. आणि तुझं टेबल कधी हलवायचं?"

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग जुन्या माणसांना आठवलं, त्यांनी शेजारच्यांना सांगितलं, आणि हशा मागच्या बाकापर्यंत पोचला. वहिनींनी जीभ चावली, पण आता बोललेलं परत घेता येत नव्हतं. अध्यक्षांनी ताबडतोब ठराव मांडला. पहिला हात वर गेला तो वहिनींच्या नवऱ्याचा. हा गृहस्थ धक्क्यावर बोटी बांधायचं काम करायचा आणि बोलण्याचं सगळं काम बायकोवर सोडून द्यायचा. त्याचा हात एवढ्या चपळाईने वर गेलेला वहिनींनी लग्नानंतर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावरची चार धट्टीकट्टी माणसं आली आणि टेबल उचललं. खाली वर्षानुवर्षांची टाचण्या, बटणं, खडू अशी रास निघाली, आणि एका कोपऱ्यात घडी घातलेली करडी पँट. अध्यक्ष देखरेखीला आले होते. त्यांनी पँट झटकली, निरखली.

"ही माझी. गेल्या उन्हाळ्यापासून तुम्ही म्हणताय, फक्त काज राहिलंय."

"काजच राहिलंय," वहिनी म्हणाल्या. "बघा की. खोटं बोलले का मी?"

फळ्या निघाल्या. आतून गार, ओला वास आला. मास्तरांनी डबा सोडून पाणी काढलं, त्यात आपलं खारटपणा मोजायचं मीटर बुडवलं, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. "बेटावर एवढं गोडं पाणी दुसरीकडे कुठे नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं कुणी ओढलंच नाही ना."

ताई दारातच उभ्या होत्या, आत या म्हणायची वाट बघत. कुणी म्हणालं नाही, तशा स्वतःच पुढे झाल्या, डब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यायल्या. मग पुन्हा एक ओंजळ भरून घेतली. वहिनींनी ते पाहिलं. काहीतरी बोलावंसं वाटलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "अहो वन्सं, उकळलेलं नाही ते."

त्या दिवसापासून वहिनींच्या घराचा रस्ता झाला. सकाळी पुढच्या दारापासून शिवणखोलीपर्यंत बादल्यांची रांग. नियम ठरला होता, घरटी दोन बादल्या, दोराने ओढायच्या. रांगेत उभी माणसं गप्प थोडीच बसतात? कुणी भिंतीवरच्या फोटोंतल्या माणसांची चौकशी केली, कुणी भांड्यांच्या फळीवर धूळ आहे म्हणून सुचवलं, कुणी अर्धवट शिवलेला झगा ओळखून "ही एवढी जाड झाली?" असं विचारलं. ज्या गोष्टी दुसऱ्यांबद्दल सांगायच्या त्या आपल्याच घरात, आपल्याबद्दल ऐकायची पाळी वहिनींवर आली.

पण आठवड्याभरात त्यांना या कामाची गोडी लागली. गळ्यात माप-टेप होतीच. बर्फवाला हौदाएवढी बादली घेऊन आला, तेव्हा त्यांनी बादलीच्या घेराचं माप घेतलं. "ही बादली नाही, ही तुमच्या बायकोची अंघोळीची टाकी आहे. घरी जा, बादली घेऊन या." अध्यक्षांनी तिसरी बादली पुढे सरकवली, तर वहिनींनी भर रांगेत त्यांच्या पँटच्या कमरेचं माप जाहीर करायची धमकी दिली. बादली मागे गेली. पाण्याची चोरी अशी कुणाला जमलीच नाही.

एके दिवशी ताई रांगेत आल्या. पंप बंद झाल्यापासून त्यांची विहीर सुधारत होती, पण पिठात घालण्याजोगं पाणी अजून नव्हतं. त्यांच्याबरोबर हातगाडी होती आणि गाडीवर पिंप.

"वहिनी, बेकरीला जास्त लागेल गं."

"घरटी दोन, वन्सं."

"बेकरी म्हणजे काय घर आहे का?"

"मग बेकरीला शून्य. घराला दोन."

रांगेतले लोक कान टवकारून उभे. ताईंचा चेहरा लाल झाला. "नियम कुणी केला हा?"

"सगळ्यांनी. तुम्हीही हात वर केला होतात."

"बरं तर," ताई म्हणाल्या. "सगळ्यांनी नियमच खा मग." हातगाडी वळवून त्या निघून गेल्या, आणि बेकरीचं दार बंद झालं.

पहिल्या दिवशी वहिनींना जिंकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी नवरा चहाच्या कपात बुडवायला काही नाही म्हणून कपाकडे असा बघत बसला की जणू त्यात कोणी बुडून गेलंय. नंतर रांगेतली माणसं आपापसात बोलणं थांबवून वहिनींकडे नुसती पाहायला लागली. ते बडबडीपेक्षा वाईट होतं. नियम मोडावा तर उद्या बर्फवाला पिंप घेऊन येणार. न मोडावा तर बेटाचा पाव बंद.

शेवटी वहिनी बेकरीकडे गेल्या. मनात भांडणाची जय्यत तयारी होती, काय बोलायचं ते वाटेत दोनदा घोकलंही. खिडकीतून डोकावल्या, तर भट्टी थंड, आणि ताई एकट्याच बसून पत्र्याचे ट्रे घासत होत्या. ट्रे लख्ख होते. तरी त्या घासतच होत्या, वाळूने, पाणी न लावता. एक झाला की दुसरा, मग पुन्हा पहिला. वहिनींना काम नसेल तेव्हा त्या स्वतःही अशाच रिकाम्या मशिनला तेल घालत बसायच्या. त्या दार न वाजवता परत आल्या.

दुसऱ्या सकाळी रांग लागायच्या आधी त्यांनी आपल्या वाटणीच्या दोन बादल्या भरल्या. एक घरात ठेवली, दुसरी उचलून भर रस्त्यातून चालत निघाल्या. बादली जड होती, साडीचा काठ भिजला, दुकानांच्या पायऱ्यांवरची माणसं उठून बघायला लागली. वहिनींनी कुणाकडे पाहिलं नाही. बेकरीच्या दारात बादली टेकवली.

ताई बाहेर आल्या. "हे काय?"

"पाणी."

"ते दिसतंय. नियमाचं काय?"

"नियम तिथेच आहे. ही माझ्या घराची बादली. माझ्या घरचं पाणी मी कुणालाही देईन." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि हे तुमच्याही घरचं आहे, वन्सं. मीच झाकून ठेवलं होतं इतकी वर्षं. विचारायला हवं होतं तुम्हाला."

ताईंनी बादलीकडे पाहिलं, भावजयीच्या भिजलेल्या साडीकडे पाहिलं. "अर्धी तर रस्त्यावरच सांडलीस," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वहिनींना आत ओढलं आणि पिठाच्या पोत्यावर बसवलं.

एका बादलीत बेटाचा पाव काही होत नाही. पण तमाशा पाहायला जमलेल्यांपैकी मास्तरांची आई घरी गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. "दोन पाव लागतात मला. तेवढ्यापुरतं हे." तिच्यामागून आणखी एक तांब्या आला, मग कळशी. बर्फवाल्याने आपली ती मोठी बादली अखेर सत्कारणी लावली, अर्धी भरून आणली. दुपारपर्यंत पिंप भरलं, संध्याकाळी भट्टी पेटली, आणि अध्यक्ष धावत आले ते ठराव लिहूनच, की यापुढे पावाच्या गिऱ्हाइकाने पाव न्यायला येताना पाणी घेऊन यावं. सगळे आधीच तसं करत होते, तरीही त्यांच्या समाधानासाठी सगळ्यांनी हात वर केले.

पुढे पाऊस चांगला झाला. मास्तर मीटर घेऊन विहिरी-विहिरीवर फिरले आणि परत येताना शीळ घालत होते, त्यावरूनच लोकांना आकडा कळला. पंप सुरू झाले, पण दिवसाचे थोडे तास, आणि लहान. वहिनींना समितीवर घेतलं. ताईंनाही घेतलं, कारण एकीला घेऊन दुसरीला वगळायची अध्यक्षांची छाती नव्हती.

त्यानंतरची सभा किनाऱ्याबद्दल होती. मागच्या खाडीत मासे अंडी घालतात, त्या दिवसांत तिथे जाळी टाकायची की नाही, हा प्रश्न होता. मासेमार पूर्ण तयारीने आले होते. समितीतल्या त्या दोघी भांडत बसतील, आणि वेळ संपली म्हणून विषय पुढे ढकलला जाईल, असा त्यांचा हिशेब. पण दोघी एकाच बुटक्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसल्या.

"अंडी घालायच्या दिवसांत खाडी बंद," वहिनी म्हणाल्या.

"मीही तेच म्हणणार होते," ताई म्हणाल्या.

मासेमारांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने हळूच टोपी काढली आणि कपाळ पुसलं.

"किती दिवस बंद म्हणता, वहिनी?" त्याने विचारलं.

वहिनींनी नणंदेकडे पाहिलं. "बोला, वन्सं. तुम्ही सांगाल तितके."