सामनेवाल्याच्या गाडीवर

"सामनेवाल्याचा, म्हणजे भावाचा, मोबाईल नंबर?" वकीलबाईंनी विचारलं.

अनसूयाला तो पाठ नव्हता. "इचारून येते," ती उठत म्हणाली. "बाहेरच चा पितोय त्यो."

जुईली वकिलांचं पेन थांबलं. भावाविरुद्ध मोफत वकील मागायला पौडच्या कोर्टात आलेल्या बाया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्याच भावाच्या मोटरसायकलवर बसून आलेली ही पहिलीच.

अनसूयाला यात नवल वाटलं नाही. कासार आंबोलीहून येणारी बस आपल्या मर्जीची, रिक्षावाला तोंडाला येईल ते मागणार, आणि परक्याच्या मागं बसलं की गावाला आठवडाभर विषय. भांडण जमिनीचं होतं, गाडीचं नव्हतं.

जनार्दननंही खळखळ केली नव्हती. कशाला जायचंय, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "तुज्यावर वकील लावायचाय." तो मनापासून हसला. त्याचा हिशेब पक्का होता. बहीण बंगल्यांवर पोळ्या लाटते; वकील नमस्काराचेही पैसे लावतो; म्हणजे ही हात हलवत परत येणार आणि गुरुवारी हक्कसोडपत्रावर निमूट सही करणार. एवढ्या लाभापुढं पेट्रोल ते काय! "कमी पडलं तर माग गं, भाऊच हाय," असंही वर तो म्हणाला होता.

तसा हिशेब अगदीच खोटा नव्हता. नवरा गेल्यावर अनसूया माहेरी आली, तेव्हा वडिलांनी बांधाजवळ तिला पत्र्याची एक खोली घालून दिली. पुढं वडीलही गेले. आता ती जमीन एका बंगलेवाल्याला विकायची ठरली होती, खोलीसकट. सही कर, साडीचोळी करू, सणाला हक्कानं ये, असं वहिनीनं गोड बोलून सांगितलं. सण संपल्यावर जायचं कुठं, तेवढं सांगायचं राहिलं होतं.

शहरातल्या एका वकिलाची फी ऐकून अनसूया समोरचं पाणीही न पिता उठली होती. मग ज्यांच्याकडं ती स्वयंपाक करते त्या दिशाताईंनी सांगितलं, की तालुक्याच्या कोर्टात बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. अनसूया म्हणजे फुकट मिळालेल्या कोथिंबिरीचीही जुडी सोडून आतून बघणारी बाई. तिला फीपेक्षा या फुकटाचीच जास्त भीती वाटली.

म्हणून उठलेली ती परत बसली; नंबर राहिला बाजूला, तिनं आधी तेच विचारलं. "म्याडम, फुकट म्हंजी तुमी अर्धंच भांडनार का?"

"पूर्ण भांडणार. माझे पैसे सरकार देतं."

"येळेवर देतं का?"

जुईली वकील नुसत्या हसल्या. मग त्यांनी समजावलं: सही कुठंच करायची नाही, खोली सोडायची नाही, भावाला आधी पोस्टानं नोटीस जाईल. पोस्टमन आला की दार वहिनी उघडणार आणि भावाला ते तिच्याच तोंडून कळणार, हे अनसूयाच्या लगेच ध्यानात आलं. आपण आधी भावाला सांगितलं तर चालेल का, असं तिनं विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, सांगा, पण सही नाही.

बाहेर जनार्दननं तिच्यासाठी भजी मागवून ठेवली होती. "किती मागितलं?" त्यानं मिश्कीलपणे विचारलं.

"कायबी न्हाई. मिळाला वकील. सही करू नको म्हनल्या. तुला नोटीस येईल."

त्याचा हात भज्यापाशीच राहिला.

"तुला बेघर करनार व्हतो का मी?"

"मग कुटं ठेवनार, ते तरी कवा बोललास?"

त्यानं चहावाल्याचे पैसे दिले, गाडीला किक मारली आणि समोर बघत तसाच बसून राहिला. अनसूयाही उभी राहिली. बसथांबा पलीकडंच होता.

"बस," मान न वळवता तो म्हणाला. "खड्डं हायेत. नीट धर."

ती बसली. भावाच्या सायकलवर बसायची तेव्हापासून त्याच्या खांद्यावर हात टाकायची तिची सवय होती. आज तिनं हात मागं नेला आणि सीटच्या मागची लोखंडी कडी घट्ट धरली.