लाल घागरीचं ठिगळ

टप्.

भरदुपारी घर गप्प होतं आणि स्वयंपाकघरातली गळकी प्लास्टिकची घागर खालच्या परातीत एकटीच बोलत होती. सकाळी हर्षालीनं गाडी मागं घेताना फाटकाच्या खांबाला ठोकली, तेव्हापासून ती आणि तिची सासू धुरपदाबाई, दोघींनाही बोलायला विषय सापडला नव्हता.

मागचा बंपर वीतभर चिरला होता. खांबाला काही झालं नव्हतं.

सासरे बलभीमराव परंड्याला लग्नाला गेले होते, संध्याकाळच्या बसनं तेरला घरी परतणार होते. किल्ली सुनेला देतानाच त्यांनी सांगून ठेवलं होतं, की ओरखडा दिसला त्या दिवशी किल्ली परत आपल्या खिशात. नवरा पुण्यात. तिची ढोकीच्या शाळेतली नोकरी त्या किल्लीवरच चालली होती. गाडी सोळा वर्षांची, पण बलभीमरावांच्या लेखी अजून कोरी. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, नवा बंपर मागवू, आठ दिवस धरा.

टप्.

हर्षालीनं घागरीकडं पाहिलं. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात फुटली म्हणून घागर कुणी टाकत नाही. उलथणं लालभडक तापवायचं, जुन्या घागरीचा तुकडा ठेवून डागायचं. बंपर तरी दुसरं काय होता?

तिनं स्क्रू काढले, बंपर उतरवून दाराबाहेरच्या ओट्यावर पालथा घातला, आणि थांबली. दुसऱ्या कोपऱ्यात, आतल्या अंगाला, तळहाताएवढं लाल ठिगळ होतं. त्यावर उलथण्याचे आडवेउभे वळ.

तिनं सासूला हाक मारली. धुरपदाबाईंनी त्या वळांवरून बोट फिरवलं.

"लाल घागर लई टिकाऊ व्हती," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू कळलं. गाडी नवी असताना भाच्यानं, सिदूनं, त्यांना चालवायला शिकवलं होतं. अकरा दिवस बरे गेले. बाराव्या दिवशी बोअरचा पाइप आडवा आला, आणि त्या पुन्हा स्टेअरिंगवर बसल्या नाहीत.

"मामांना कळलं?" हर्षालीनं सासऱ्यांबद्दल विचारलं.

"त्यांना अजून ठावं न्हाय."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि फडक्यात धरून तापलं उलथणं घेऊन आल्या. जुन्या निळ्या घागरीचा पहिला तुकडा उपटून आला, दुसरा बसला. हर्षाली घाई करायला लागली की त्या म्हणायच्या, "दाबू नगं. आधी वितळू दे." पुढून पॉलिश पेपर घासला, दाराच्या चौकटीचा उरलेला, गाडीसारखाच पांढरा रंग लावला. रंग वाळल्यावर धुरपदाबाईंनी सवयीनं तांब्याभर पाणी चिरेवर ओतलं. दोघी वाकून बघत राहिल्या. बंपर गळत नव्हता.

बंपर जागेवर बसवला तोवर बलभीमराव आले. गाडीभोवती एक फेरी मारली, बंपरपाशी थांबले, नाक वर केलं. कसला वास येतोय म्हणाले.

"घागर डागली," धुरपदाबाई म्हणाल्या.

आतून टप् असा आवाज आला. बलभीमराव पाय धुवायला गेले. किल्ली खिळ्यावरच राहिली.

दुपारभर पायरीवर बसून सगळं ऐकणारी हर्षालीची मुलगी राजेश्वरी आईच्या जवळ सरकली. ती सहा वर्षांची होती आणि तिचा हिशेब काही केल्या जुळत नव्हता.

"मम्मी, आबांना तर कळलंच नव्हतं. मग आजीनं गाडी चालवणं का सोडलं?"