बाभळीचे पैंजण

आई गेली तेव्हा निजामाचं राज्य होतं. रीतीप्रमाणे गोपिकाआत्यानं तिच्या पायांतले चांदीचे वाळे उतरवले. घोट्यांवर फिकट वळ राहिले. तिला असं उघड्या पायांनी पाठवणं मला सोसवेना. मी बाभळीच्या वाळलेल्या शेंगा आणल्या. ओवलेल्या मण्यांसारख्या त्या शेंगांचे पैंजण लहानपणी आई मेंढ्यांमागे फिरताना माझ्या पायांत बांधायची.

“येडे, म्हातारीला पोरीचं खेळणं?” आत्या म्हणाली.

“चांदी तर न्हाई ना ही, आत्या.”

आत्यानं एक शेंग कानाशी हलवली. “बांध मंग. जल्दी कर.”

तिरडी उचलली. पावलागणिक शेंगांतलं बी हलकेच वाजू लागलं. वेशीपाशी आम्ही बायका थांबलो. आवाज धुळीतून गोदेकडं जात राहिला. आई कळपापुढं निवांत चालली आहे, असं वाटलं. मी तिला हाक मारली नाही.