नात्याचा दाखला

बाओझूने चंदेरी कागदाची लगड दुमडून टोपलीत टाकली आणि टेबलावरचा फोन उचलून कानाशी हलवून पाहिला.

"मेलाय की काय हा?"

"चालू आहे, आई," सूयुन म्हणाली. बाओझूला ऐकू गेलं नाही, तेव्हा मोठ्यानं, "चालू आहे! दहा ते बाराच्या मधे कधीही येईल, असं सांगितलंय."

टेबलाच्या तिसऱ्या बाजूला ह्वेइचिन मान खाली घालून घड्या घालत होती. तिच्या लगडींचे कोपरे सुईसारखे निघत. देवळाबाहेरचा दुकानदार तिच्याच लगडी आधी उचलतो. पितरांसाठी जाळायच्याच असतात, पण जाळणाऱ्यालाही टोकं हवी असतात.

"मामी, पाणी देऊ?" सूयुनने विचारलं.

ह्वेइचिनने नुसती मान हलवली.

सूयुनला जन्म दिला तो ह्वेइचिनने. पण तेव्हा कायद्यानं या गावांत पहिली मुलगी असेल तर दुसरं मूल चालायचं, तिसरं नाही. दुसरीही मुलगीच झाली. तिची नोंद केली असती तर मुलासाठीची जागा गेली असती. नणंदेला, बाओझूला, एकच मुलगी होती आणि तिच्या घरच्या सरकारी नोंदवहीत एक जागा रिकामी होती. तिथं नाव चढलं, वेंग सूयुन. तेव्हापासून आत्या ती आई झाली, आणि आई झाली मामी. मुलगा पुढे झालाच नाही. ती राखून ठेवलेली जागा ह्वेइचिनच्या वहीत अजून तशीच कोरी आहे.

सूयुन दोन वर्षांची असताना तपासणीची बाई दारात आली होती. अंगणात खेळणाऱ्या पोरीकडे बोट करून तिनं विचारलं, ही कोणाची? ह्वेइचिन म्हणाली, नणंदेची. त्या दिवशी ती गुआनयिन देवीपुढे बसली आणि उठली ती व्रत घेऊनच. यापुढं खोटं बोलायचं नाही. प्रतिपदेला आणि पौर्णिमेला शाकाहार, रोज सकाळी तीन उदबत्त्या, आणि जिभेवर खरं तेवढंच. वीस वर्षं झाली. मामी ही हाक दुसऱ्यांची. तिला ओ देणं म्हणजे खोटं नव्हे, एवढी एक फट तिनं स्वतःसाठी ठेवली होती.

आता जपानच्या विद्यार्थी व्हिसासाठी नात्याचा दाखला जोडला होता. त्यावर आईचं नाव लिन बाओझू. या किनाऱ्यावरून आलेला अर्ज म्हटला की तिकडचे लोक फोन करून घरच्यांना विचारतात. बाओझूचे कान गेलेले, आणि बोलणार ती गावच्या बोलीत, जी दोन खाड्यांपलीकडेही कुणाला कळत नाही. व्हिसाची कामं करणाऱ्या एजन्सीतल्या फांगबाईंनी हात टेकले होते. "घरात दुसरं कोणी बाईमाणूस आहे का," त्या म्हणाल्या होत्या, "जे आई म्हणून बोलेल?"

"मी नाव सांगणार नाही," ह्वेइचिनने तेव्हाच बजावलं होतं. "बाकी जे खरं असेल ते सांगेन."

मग बाओझूनेच तोड काढली. फोन ती घेणार, नाव ती सांगणार, आणि स्पीकर लावून ह्वेइचिनपुढे सरकवणार.

"तुझ्या देवीला सांग," बाओझू आताही म्हणाली, "कान वन्संचे गेलेत, म्हणून तोंड मी उसनं दिलंय. दोघी मिळून एक धड आई."

"वन्सं, हळू. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. मला कुठं ऐकू येतंय!" आणि आपल्याच बोलण्यावर ती खदखदून हसली.

ह्वेइचिनला हसू आलं नाही. देवीपुढचं उदबत्त्यांचं भांडं आज गार होतं. फोन झाल्यावर लावीन, असं तिनं सकाळीच ठरवलं होतं. तिच्यासमोर फांगबाईंनी दिलेला उत्तरांचा कागद होता. शेवटच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"हे खरं आहे का?"

सूयुनने वाकून पाहिलं. शिक्षण संपल्यावर मायदेशी परतेल आणि आईवडिलांजवळ राहील.

"सगळेच तसं लिहितात, मामी."

"सगळ्यांचं नाही विचारलं."

सूयुनने एक कागद उचलला, अर्धा दुमडला आणि तसाच ठेवला. शाळेच्या अल्बममधून तिनं आपले सगळे फोटो काढून घेतले होते. हिवाळ्याचे कपडे बॅगेत गेले होते, उन्हाळ्याचेही. या घरात आई म्हणायची बंदी आणि त्या घरात म्हणायची सक्ती, असं ती एकदा मैत्रिणीला फोनवर म्हणाली होती. गेले की सुटले. भिंत पातळ होती. त्या दिवशी पलीकडच्या खोलीत ह्वेइचिन रजई उसवत बसली होती.

फोन वाजला.

बाओझूने तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडची बाई मऊ आवाजात काही म्हणाली. सूयुनने बोटानं खूण केली आणि बाओझू महिनाभर घोकलेलं शहरी भाषेतलं वाक्य ओरडली, "हो, मीच लिन बाओझू! बोला!"

फोन टेबलावरून ह्वेइचिनपुढे सरकला.

"वेंग सूयुन आपली कोण?"

ह्वेइचिनने ओठ ओले केले. "माझी मुलगी."

सूयुनच्या बोटांखालचा चंदेरी कागद टर्रकन फाटला.

"आपल्याला मुलं किती?"

"दोन. दोन्ही मुलीच. ही धाकटी."

"तिची जन्मतारीख सांगाल?"

ह्वेइचिनने तारीख सांगितली आणि थांबली नाही. "पहाटेची. थंडी फार होती. पायाळू होती ती, सुईण घाबरली. रडायलाही उशीरच केला तिनं. मला वाटलं..."

बाओझूने टेबलाखालून तिच्या मांडीला चिमटा काढला.

"तेवढं पुरे, बाई," पलीकडची म्हणाली. आवाजात हसू होतं. "शेवटचा प्रश्न. शिक्षण संपल्यावर ती परत येणार आहे का?"

सूयुनने उत्तरांचा कागद पुढे ढकलला. बाओझू कागदावरचे पाच प्रश्न बोटांवर मोजत होती. पाचवं बोट मिटल्यावर ती फोनकडे पाहून जोरजोरात मान डोलावू लागली.

ह्वेइचिनने कागदाकडे पाहिलं नाही. ती सूयुनकडे पाहत होती, अंगणात खेळणारं पोर वाटेकडे गेलं की बघतात तसं.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"येतंय," ह्वेइचिन म्हणाली. "हो. परत येईल ती."

पलीकडून आभार मानले गेले. फोनचा पडदा काळा झाला.

"झालं?" बाओझूने दोघींच्या तोंडांकडे पाहिलं. "झालं ना? बघ, म्हटलं नव्हतं मी! आणि तुझं व्रतही राहिलं. एक अक्षर खोटं बोलावं लागलं नाही."

कोणीच बोललं नाही. बाओझूला वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नसेल. तिनं टोपली जवळ ओढली आणि लगडी मोजायला घेतल्या.

ह्वेइचिन उठली. देव्हाऱ्याजवळच्या पुड्यातून तिनं तीन उदबत्त्या काढल्या, पण देवीपुढं गेली नाही. सूयुनच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. उदबत्त्या दोन्ही हातांत छातीशी धरलेल्या होत्या.

"लावू ना?" तिनं विचारलं.

सूयुनने दाराजवळच्या बॅगेकडे पाहिलं. बॅगेची चेन अर्धीच लागत होती. मग तिनं काड्यापेटी घेतली. पहिली काडी वाऱ्यानं विझली. दुसरी तिनं तळहाताच्या आडोशाला पेटवली आणि उदबत्त्यांच्या टोकांशी नेली.

तिन्ही एकदम पेटायला वेळ लागतो. तोवर हात हलवता येत नाही.