कडू भाकरीचा गंज

अकोल्याच्या जुन्या शहरातील त्या घरात प्रथम चंद्रभागाबाई सून म्हणून आल्या. त्यांच्या हाताखाली पार्बताबाई तयार झाल्या आणि पार्बताबाईंच्या हाताखाली दुर्गाबाई. दुर्गाबाईंच्या हाताखाली जिने तयार व्हायचे ती मोर्शीची दामिनी मात्र लग्नानंतर जेमतेम एक उन्हाळा त्या स्वयंपाकघरात वावरली आणि कुलदीपबरोबर मेलबर्नला निघून गेली. घरची रीत सासूच्या तोंडून सुनेच्या कानात उतरत असते. मध्ये समुद्र आला, की ती अर्धीच उतरते. दामिनीला अर्धी रीत ठाऊक होती, आणि घात झाला तो त्या अर्धीमुळेच.

दुर्गाबाई साथीच्या वर्षी गेल्या. साथीने नव्हे, हृदय बंद पडून; पण त्या दिवसांत कोण कोणाच्या दारात उभे राहत होते? विमाने बंद होती. कुलदीपने आईला अग्नी दिलेला पाहिला तो फोनच्या पडद्यावर, आणि तोही मध्येच थबकला. दामिनी त्याच्या शेजारी ताठ बसून होती. मुलगी रेवा लहान होती, ती घाबरेल म्हणून दामिनी रडली नाही. आणि पुढे रडायचे राहूनच गेले.

सासरे वामनराव न्हाणीत पडले आणि त्यांची मांडी मोडली, तेव्हा मात्र कुलदीपने नोकरी सोडली व ते तिघे अकोल्याला कायमचे परतले. परतणे म्हणायचे ते कुलदीपच्या बाबतीत. दामिनीला ते घर नवे होते आणि रेवाला तर देशच नवा. नळाला पाणी यायचा दिवस लक्षात ठेवून पिंपे भरणे, कूलरच्या टाकीत भर दुपारी बादल्या ओतणे, दारावर येणाऱ्या प्रत्येकाला "या, बसा" म्हणणे, हे सारे दामिनी परीक्षेला बसल्यासारखी शिकत होती. रेवा शाळेतून रडत येई. तिचे मराठी ऐकून वर्गातल्या मुली हसत.

दामिनीला आधार होता तो समोरच्या गंगूबाईंचा. दुर्गाबाईंची ही जन्माची मैत्रीण. तोंडाने फटकळ, पण हाताने मऊ.

"काहून वं दामिनी, मेलबर्नात भाकर मशीन थापत होती का?" परातीतली फाटलेली भाकर पाहून गंगूबाई विचारीत.

"तिथं ज्वारीच मिळत नव्हती, काकू."

"मंग काय खात होते वं तुमी? बर्फ?" असे म्हणून त्या पीठ आपल्याकडे ओढीत. "पान्याचा हात लाव. भिऊ नोको, ते काई तुले चावत नाई."

ओट्याशी उभी राहून गंगूबाई भाकर थापू लागल्या, की दामिनीला वाटे, आपल्याला सासू मिळाली. हे माणूस आपल्याला धरून राहावे, एवढीच तिची त्या परक्या झालेल्या गावाकडे मागणी होती.

एके दिवशी वरच्या फळीवर, अगदी भिंतीशी, तिला स्टीलचा एक गंज, म्हणजे उभे पातेले, पालथा घातलेला सापडला. काठावर टोचून नाव घातलेले होते : सौ. गंगूबाई देवमन. शेजारचे भांडे इतकी वर्षे आपल्याकडे! तिला शरम वाटली. भांडे रिकामे परत करू नये, हे दुर्गाबाईंनी तिला त्या एकाच उन्हाळ्यात शिकवले होते. तिने गंज घासून लखलखीत केला, साजूक तुपातला शिरा करून तो काठोकाठ भरला, वर बेदाणे पेरले आणि समोरच्या घरी गेली.

ओसरीवर देवमनकाका खाटेवर बसून धाप टाकीत होते. त्यांचा दमा जुनाच होता. गंगूबाई तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी गंज पाहिला, झाकण उघडले, आणि हात भाजावा तसा मागे घेतला.

"हा भरून आनला तू?"

"शिरा आहे, काकू. गरमच आहे."

गंगूबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिले. मग त्या उठल्या, गंज दामिनीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घेऊन जाय. आन् सध्या इकडं येऊ नोको."

घरी वामनरावांनी सुनेच्या हातातला गंज पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"कडू भाकरीचा गंज होता तो, पोरी. तुही सासू गेली तवा गल्लीतलं कोनी दारात आलं नाई. गंगू आली. तिनं दुर्गाले आंघोळ घातली, लुगडं नेसवलं. आपली चूल बंद होती, तर ह्या गंजात बेसन आन् वर भाकर घेऊन आली, आन् मले घास घालून गेली."

"मग मी तो भरून दिला तर..."

"मयताच्या घरी आलेलं भांडं घरच्या बाईनं रिकामं नेऊन द्या लागते, न बोलता. घरात बाई नोती, म्हनून राहून गेलं. तिनंही मांगितलं नाई. भरून देलं म्हनजे, तुमच्याही घरी असंच होवो, असं म्हटल्यासारखं होते."

दामिनीने गंज खाली ठेवला. "मला कोणी सांगितलंच नाही, मामाजी."

"सांगनारी तर गेली नं," वामनराव म्हणाले.

त्या दिवसापासून समोरचे दार तिच्यासाठी बंद झाले. भाकरी फाटतच राहिल्या. फाटकी भाकर पाहून हसणारे कोणी उरले नाही. आणि उन्हाळा ऐन भरात असताना देवमनकाका गेले.

दमा होता, वय होते, ऊन होते. हे सर्वांना कळत होते. तरीही नळावर बायका दामिनीला पाहून गप्प होत. एक तर तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलली, "शिरा खाऊ घालाले आली होती, ऑस्ट्रेलियावाली." दामिनी रिकामी बादली घेऊन घरी परतली.

माणसे स्मशानातून परतली तेव्हा तिने परात पुढे ओढली. कुलदीप दारात उभा राहिला.

"जाऊ नकोस. सगळ्यांसमोर त्यांनी तुला हाकललं तर?"

"हाकलू दे. तुझ्या आईला त्यांनी आंघोळ घातली, कुलदीप. आपण पडदा पाहत होतो."

तो दारातून बाजूला झाला. तिने भाकरी थापल्या. एकीची कड चिरली, तरी तिने ती बाजूला काढली नाही. बेसन कशात न्यावे म्हणून ती घुटमळली, तेव्हा वामनराव काठी टेकीत आत आले आणि फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याच गंजात ने. आता तो भरून नेता येते."

समोरच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या. धामणगाव रेल्वेला दिलेली मुलगी नीलम आईच्या पाठीवर हात ठेवून होती; तेरवी झाली की ती आईला आपल्याकडे नेणार आणि घराला कुलूप लागणार, हे ठरूनही गेले होते. दामिनी आत आली तशा बायका सरकल्या. जागा देण्यासाठी नव्हे, अंग चोरून. ती गंगूबाईंसमोर बसली, चिरलेली भाकर मोडली, बेसनाला लावली आणि घास पुढे धरला.

गंगूबाईंची नजर त्या गंजावरच्या आपल्या नावावर गेली. 'सौ.' या अक्षरावरून त्यांनी बोट फिरवले. मग तोंड उघडले आणि घास घेतला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

"हो, काकू."

"दुर्गाचंही कमीच राहे." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "तुह्या सासूले रडाले माह्यासंग एकही बाई नोती वं. मी एकटी रडली. भिताडाले धरून रडली."

दामिनीच्या छातीत इतकी वर्षे अडून राहिलेले ते रडे तेव्हा बाहेर आले. तिने दुर्गाबाईंसाठी हंबरडा फोडला, देवमनकाकांसाठी फोडला; गंगूबाईंनी तिला कवटाळले आणि दोघींचे रडणे एक झाले. सरकून बसलेल्या बायका एकेक करून जवळ आल्या.

अंधार पडण्यापूर्वी गंगूबाईंनी दामिनीच्या हातून पुरती भाकर खाल्ली. नीलमने गंज धुऊन आणला. गंगूबाईंनी तो मुलीच्या हातून घेतला आणि दामिनीच्या ओंजळीत ठेवला नाही; स्वतः उठून आपल्या फळीवर, जागच्या जागी, पालथा घातला.

"तुह्या सासूची भाकर फिटली, सूनबाई," त्या म्हणाल्या. "आता आपलं काई देनं राहिलं नाई."